जमिनीवरच्या विमानाचे दिवे

प्रवासी विमानाच्या अंगावर बाहेरून सहा-सात प्रकारचे दिवे असतात आणि त्यांपैकी वैमानिकाला स्वतःला पुढचे दिसावे म्हणून बसवलेले दिवे दोन-तीनच असतात. उरलेले सगळे इतरांसाठी असतात, म्हणजे शेजारून जाणाऱ्या विमानातील वैमानिकासाठी, मनोऱ्यातील नियंत्रकासाठी, सामानाच्या गाड्या हाकणाऱ्यांसाठी आणि चाकांपाशी वाकून काम करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी. आकाशात हे दिवे कधी लावावेत याबाबत फारसा संभ्रम नसतो, कारण तेथे जितके अधिक दिसावे तितके बरे असते. जमिनीवर मात्र तसे नाही. विमानतळावर माणसे, वाहने आणि इतर विमाने अगदी जवळ असतात, त्यामुळे एकाला सावध करणारा प्रकाश दुसऱ्याचे डोळे दिपवू शकतो, आणि सगळेच दिवे सतत पेटलेले राहिले तर कोणता दिवा काय सांगतो हे कोणालाच कळेनासे होते. म्हणूनच विमान उभे असताना, सरकत असताना, धावपट्टी ओलांडताना आणि उड्डाणाची वाट पाहत असताना कोणता दिवा लावायचा व कोणता विझवायचा याचा एक क्रम ठरत गेला आहे, आणि त्या क्रमातील काही पायऱ्यांमागे मोठे अपघात आहेत.

सर्वांत जुने दिवे म्हणजे दिशादर्शक दिवे. डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्या पंखाच्या टोकाला हिरवा आणि शेपटीकडे पांढरा अशी ही रचना जहाजांकडून विमानांकडे आली. लाल आणि हिरवा दिवा प्रत्येकी नाकाच्या रेषेपासून आपापल्या बाजूला ११० अंशांपर्यंत दिसतो आणि मागचा पांढरा दिवा उरलेल्या १४० अंशांत दिसतो, म्हणजे तिन्ही मिळून पूर्ण वर्तुळ भरते आणि पाहणाऱ्याला कोणत्याही क्षणी त्यांपैकी एखादा तरी दिसतोच. अंधारात समोर डावीकडे हिरवा आणि उजवीकडे लाल दिवा दिसला, तर विमान आपल्याकडे तोंड करून आहे. केवळ पांढरा दिसला, तर ते आपल्याकडे पाठ करून आहे. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत विमानतळावर हलणाऱ्या प्रत्येक विमानाने हे दिवे लावलेच पाहिजेत, आणि ट्रॅक्टरने ओढून नेले जाणारे विमानही हलणारेच असल्यामुळे हाच नियम त्याला लागू होतो. उभ्या विमानावर खांबांवरच्या दिव्यांचा पुरेसा उजेड पडत असेल तर सवलत मिळते. नसेल, तर पंखांची टोके कोठे संपतात हे कळावे म्हणून दिवे चालू ठेवावे लागतात.

हे दिवे दिशा सांगतात, पण ते मंद असतात. प्रकाशाची तीव्रता कँडेला या एककात मोजतात, आणि एक कँडेला म्हणजे ढोबळमानाने एका मेणबत्तीचा प्रकाश. अमेरिकी प्रमाणीकरण नियमांत मोठ्या विमानाच्या लाल व हिरव्या दिव्यांना सरळ समोरच्या दिशेने किमान ४० कँडेला आणि शेपटीच्या पांढऱ्या दिव्याला किमान २० कँडेला तीव्रता पुरेशी धरली आहे. पुढे लॉस एंजेलिसच्या एका अपघाताचा विचार करताना हा वीसचा आकडा लक्षात ठेवावा लागेल.

दुसरा महत्त्वाचा दिवा म्हणजे धडाच्या वर आणि पोटाखाली लुकलुकणारा लाल दिवा. त्याला वैमानिक आणि तंत्रज्ञ सगळेच बीकन म्हणतात. पूर्वी या दिव्यात आरसा फिरत असे. आता बहुतेक विमानांत फिरणारा भाग उरलेला नाही, पण नाव तेच राहिले आहे. जमिनीवर बीकनचा अर्थ एकच असतो: इंजिन चालू आहे किंवा आता चालू होणार आहे. पुशबॅकच्या वेळी, म्हणजे ट्रॅक्टरने विमान फाटकापासून मागे ढकलण्यापूर्वी, वैमानिक बीकन लावतो, आणि मुक्कामी पोहोचल्यावर इंजिने बंद होऊन त्यांची पाती पुरेशी मंदावेपर्यंत तो विझवत नाही. खाली थांबलेले कर्मचारी बीकन विझल्याशिवाय विमानाजवळ जात नाहीत. चाकांना ठोकळे लावणाऱ्यापासून सामानाचा कप्पा उघडणाऱ्यापर्यंत सगळ्यांची ही पहिली शिकवण असते. एखाद्या वैमानिकाने इंजिन बंद होण्याआधीच घाईने बीकन विझवला, तर तो खाली उभ्या असलेल्यांना खोटे आश्वासन देत असतो, आणि उलट, इंजिन बंद झाल्यावरही तो विसरून चालूच ठेवला, तर प्रवासी खोळंबतात. पहिल्या चुकीत जीव जाऊ शकतो आणि दुसऱ्या चुकीत केवळ काही मिनिटे जातात, हा फरक मोठा आहे.

जेट इंजिनाच्या तोंडाशी हवा किती जोराने खेचली जाते याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा नसते. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर एअर इंडियाच्या एअरबस ३१९ विमानाच्या पुशबॅकच्या वेळी एक तंत्रज्ञ इंजिनात खेचला जाऊन मृत्युमुखी पडला. ३१ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी येथे विमान फाटकापाशी येऊन थांबल्यानंतर एक कर्मचारी चालू इंजिनाकडे ओढला गेला, आणि तेथे तर बीकन चालूच होता असे प्राथमिक तपासात दिसून आले. दिवा केवळ इशारा देतो, माणसाला अडवून धरत नाही, ही गोष्ट या दुसऱ्या घटनेने कठोरपणे दाखवून दिली. विमानाच्या स्वतःच्या साहाय्यक वीजयंत्रात बिघाड असेल, तर बाहेरची वीज जोडली जाईपर्यंत एक इंजिन चालू ठेवावे लागते आणि त्या वेळी बीकन लुकलुकत असतानाच एका माणसाला ठरलेल्या वाटेने विमानाजवळ जावे लागते. असे अपवाद नेहमीच्या सवयीला तडा देतात, म्हणून त्या प्रसंगी कोण कोठून जाणार हे आधी बोलून ठरवणे आवश्यक मानले जाते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या शिकागो कराराला जोडलेले दुसरे परिशिष्ट हवाई नियमांचे आहे, आणि सदस्य देशांचे नियम, भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम धरून, त्याच पायावर उभे आहेत. त्यात जमिनीवरच्या दिव्यांची विभागणी दिव्याच्या रंगावरून किंवा जागेवरून न करता हेतूवरून केलेली आहे, आणि ही विभागणी फार शहाणपणाची आहे: मार्ग दाखवणारे दिवे, आकाराच्या कडा दाखवणारे दिवे, लक्ष वेधणारे दिवे आणि इंजिन चालू असल्याचे सांगणारे दिवे. एकाच दिव्याने यांतली दोन कामे केली तरी चालते, पण काम मात्र झाले पाहिजे. त्याच परिशिष्टात आणखी एक तरतूद आहे. लुकलुकणाऱ्या दिव्यांमुळे वैमानिकाच्या स्वतःच्या कामात व्यत्यय येत असेल, किंवा बाहेरच्या कोणाचे डोळे अपायकारकरीत्या दिपत असतील, तर ते दिवे विझवण्याची किंवा मंद करण्याची मुभा वैमानिकाला आहे. दिवे लावण्याची सक्ती आणि ते विझवण्याची मुभा असे दोन्ही एकाच नियमात असल्यामुळे उरलेला निर्णय माणसाच्या विवेकावर येतो.

जमिनीवर चालताना वाट दाखवतो तो टॅक्सी दिवा. नाकाच्या चाकाच्या दांड्यावर बसवलेला हा दिवा समोरचा रस्ता उजळतो, आणि वळणावर पाहता यावे म्हणून अनेक विमानांत पंखांच्या मुळाशी बाजूला झोत टाकणारे आणखी दोन दिवे असतात. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन या नियामक संस्थेने वैमानिकांसाठी प्रसिद्ध केलेल्या माहितीपुस्तिकेत या दिव्याला वाट उजळण्यापलीकडचे एक काम दिले आहे: विमान हलत असेल किंवा हलण्याच्या बेतात असेल तर टॅक्सी दिवा लावावा, आणि ते थांबले असेल किंवा दुसऱ्याला वाट देत असेल तर विझवावा. दोन टॅक्सीवे, म्हणजे विमानांचे जमिनीवरचे रस्ते, जेथे मिळतात तेथे समोरच्या विमानाचा दिवा विझलेला दिसला, की ते आपल्यासाठी थांबले आहे हे रेडिओवर एक शब्दही न बोलता कळते. गजबजलेल्या विमानतळावर एकाच लहरीवर वीस विमानांचे संवाद चालू असतात, आणि तेथे न बोलता उलगडणारी ही खूण फार मोलाची ठरते.

विमान मुक्कामाच्या जागी वळते तेव्हा समोर हातात उजळत्या कांड्या घेऊन एक मार्शलर उभा असतो, म्हणजे हातवाऱ्यांनी विमानाला जागेवर आणणारा माणूस. टॅक्सी दिव्याचा झोत थेट त्याच्या डोळ्यांवर पडला, तर त्याला ना पंखाचे टोक दिसते ना शेजारची शिडी, म्हणून तेथे वळताच वैमानिकाने हा दिवा विझवायचा असतो. अंधाराला सरावण्यासाठी मानवी डोळ्याला सुमारे अर्धा तास लागतो, पण ते सरावणे एका झोताने क्षणात नाहीसे होते, आणि ज्याचे डोळे दिपले त्याला आपण काय पाहू शकत नाही हेही कळत नाही. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांनी वैमानिकांविषयी केलेल्या तक्रारींत या दिव्याचा उल्लेख आला, तर त्यात नवल नाही.

पंखांच्या टोकांवर झगझगणारे पांढरे दिवे, ज्यांना स्ट्रोब म्हणतात, हे या सर्वांत प्रखर लक्षवेधक आहेत. बीकन आणि स्ट्रोब मिळून धडक टाळण्याच्या दिव्यांची व्यवस्था होते, आणि प्रमाणीकरणाच्या नियमांप्रमाणे या व्यवस्थेला क्षितिजाच्या पातळीत किमान ४०० कँडेला इतकी परिणामी तीव्रता आणि मिनिटाला ४० ते १०० चमका असाव्या लागतात. म्हणजे शेपटीच्या पांढऱ्या दिव्याच्या वीसपट. विमान फाटकापाशी असताना असा दिवा चमकू लागला, तर आजूबाजूच्या माणसांना काम करणे अशक्य होते, म्हणून टॅक्सीच्या वेळी इतरांना त्रास होणार असेल तर स्ट्रोब लावू नयेत असे सांगितले जाते. धुक्यात तर त्यांची चमक जलकणांवरून परत फिरते आणि वैमानिकालाच भोवळल्यासारखे होते. एअरबसच्या ३२० जातीच्या विमानांत स्ट्रोबच्या कळीला बंद, स्वयंचलित आणि चालू अशा तीन जागा आहेत. स्वयंचलित जागेवर कळ असेल, तर चाकांच्या दांड्यांवरचे वजन नाहीसे होताच, म्हणजे विमान जमीन सोडताच, स्ट्रोब आपोआप चमकू लागतात. ही सोय चांगली आहे, पण तीत एक खाच आहे. विमान धावपट्टीवर उभे असते तेव्हा वजन चाकांवरच असते, त्यामुळे नेमक्या धोक्याच्या जागी हा दिवा आपण होऊन लागत नाही. वैमानिकाने हात लांबवून कळ ‘चालू’वर न्यावी लागते.

धावपट्टी ही विमानतळावरची सर्वांत धोक्याची जागा का, हे वेगांच्या फरकातून समजते. टॅक्सीवेवर सगळेच हळू चालतात आणि कोणी चुकले तरी ब्रेक लावायला वेळ मिळतो. धावपट्टीवर एक विमान उभे असते आणि दुसरे ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने उतरत असते, आणि त्या दोघांत पहिल्याची पाठ दुसऱ्याकडे असते. उभ्या विमानातील वैमानिक मागे पाहू शकत नाही. त्याच्या वतीने बोलणारे फक्त त्याचे दिवे असतात.

१ फेब्रुवारी १९९१ च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसच्या २४ डाव्या धावपट्टीवर नेमके हेच घडले. स्कायवेस्ट कंपनीचे मेट्रोलायनर हे दोन पंख्यांचे छोटे विमान धावपट्टीच्या मधल्या एका जोडरस्त्याने आत येऊन उड्डाणाच्या परवानगीची वाट पाहत मध्यरेषेवर थांबले होते. कामाच्या गर्दीत नियंत्रकाला त्याचा विसर पडला आणि यूएसएअरच्या बोइंग ७३७ ला त्याच धावपट्टीवर उतरण्याची परवानगी मिळाली. सायंकाळचे सहा वाजून गेले होते, अंधार पडला होता, दृश्यता चांगली होती. बोइंगच्या वैमानिकांनी धावपट्टी स्वच्छ पाहिली आणि तिच्यावर त्यांना काहीही दिसले नाही. मागची चाके टेकून नाक खाली येऊ लागले तेव्हा समोरचे विमान दिसले, आणि तोवर करण्यासारखे काही उरले नव्हते. बोइंग छोट्या विमानाला चिरडत, त्याला आपल्याखाली फरफटवत धावपट्टीबाहेर गेले आणि एका रिकाम्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीवर आदळले. मेट्रोलायनरमधील बाराच्या बारा माणसे आणि बोइंगमधील तेवीस अशी एकूण ३५ माणसे दगावली.

तपासात दोष केवळ एका नियंत्रकावर टाकून विषय संपवला गेला नाही, आणि हे तपासकर्त्यांचे श्रेय आहे. जमिनीवरचे रडार त्या दिवशी बंद होते. टर्मिनलच्या खांबांवरच्या दिव्यांच्या झगमगाटामुळे मनोऱ्यातून तो जोडरस्ता नीट दिसत नव्हता. नियंत्रकाच्या चुकीवर दुसऱ्या कोणाची नजर राहील अशी व्यवस्था नव्हती. पण बोइंगच्या वैमानिकांना समोरचे विमान का दिसले नाही, या प्रश्नाचे उत्तर दिव्यांत होते. मेट्रोलायनरचे स्ट्रोब बंद होते, कारण उड्डाणाची परवानगी मिळाल्यावर ते लावायचे अशी तेथील पद्धत होती. मागून दिसत होता तो शेपटीचा पांढरा दिवा आणि वरचा लाल बीकन. आता धावपट्टीकडे पाहावे. तिच्या कडांवर पांढरे दिवे असतात, मोठ्या धावपट्टीच्या मध्यरेषेवर ठरावीक अंतराने पांढरे दिवे असतात, आणि पूर्ण तेजावर कडेच्या एकेका दिव्याची तीव्रता दहा हजार कँडेलापर्यंत व मध्यरेषेवरच्या दिव्याची काही हजार कँडेला असू शकते. निरभ्र रात्री हे दिवे बरेच मंद ठेवले जातात, तरीही त्यांच्या रांगेत बरोबर मध्यभागी उभा असलेला वीस-पंचवीस कँडेलाचा आणखी एक पांढरा ठिपका हा वरून येणाऱ्याला मध्यरेषेवरचाच एक दिवा वाटतो. विमानाने कोणताही नियम मोडलेला नव्हता, त्याचे आवश्यक दिवे लावलेले होते आणि तरीही ते धावपट्टीच्या दिव्यांत मिसळून दिसेनासे झाले होते.

या अपघाताचा खरा धडा बारकाईने पाहिला पाहिजे. स्ट्रोब लावण्याचा क्षण परवानगीशी बांधलेला होता, जागेशी नव्हे. परवानगी ही वैमानिक आणि नियंत्रक यांच्यातली गोष्ट आहे. धोका मात्र विमानाने धावपट्टीवर नाक घातले त्या क्षणापासून सुरू होतो, मग परवानगी मिळालेली असो वा नसो. आजच्या अमेरिकी मार्गदर्शनात हा क्रम सरळ केलेला आहे: उड्डाणासाठी किंवा तिष्ठत थांबण्यासाठी धावपट्टीवर जाताना लँडिंग दिवे, म्हणजे समोर पडणारे प्रखर झोत, सोडून बाकी सगळे दिवे लावावेत, आणि उड्डाणाची परवानगी मिळाल्यावर लँडिंग दिवे लावावेत. कोणतीही धावपट्टी ओलांडताना, मग ती त्या वेळी वापरात असो वा नसो, सर्व बाह्य दिवे लावावेत, आणि पलीकडे गेल्यावर स्ट्रोब पुन्हा विझवावेत. फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनच्याच एका सल्ल्यात तर असेही सुचवले आहे, की रात्री धावपट्टीवर थांबताना विमान मध्यरेषेच्या किंचित बाजूला, सुमारे तीन फूट डावीकडे किंवा उजवीकडे उभे करावे, म्हणजे उतरणाऱ्याला विमानाचा दिवा धावपट्टीच्या रांगेतून वेगळा काढता येईल. मध्यरेषेवर अचूक उभे राहण्याचा वैमानिकांना केवढा अभिमान असतो हे ध्यानात घेतले, तर या तीन फुटांची किंमत कळते.

लँडिंग दिवे शेवटपर्यंत राखून ठेवण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले कारण यंत्राचे: जुन्या पद्धतीच्या लँडिंग दिव्यात सहाशे वॅटपर्यंतचे बल्ब असतात, ते वाहत्या हवेने थंड होतात, आणि विमान उभे असताना बराच वेळ चालू ठेवले तर ते तापून लवकर निकामी होतात. दुसरे कारण अर्थाचे आहे आणि तेच अधिक मोलाचे. समोरच्या टोकाशी प्रखर झोत उजळला म्हणजे ते विमान निघाले, हा संकेत सर्वांना ठाऊक असेल, तर धावपट्टी ओलांडण्याच्या बेतात असलेला वैमानिक किंवा गाडीचालक तो झोत पाहून थबकतो, जरी त्याला पुढे जाण्याची परवानगी चुकून मिळालेली असली तरी. विमान उभे असतानाच हा झोत लागू लागला, तर त्याचा हा अर्थ मावळतो. हवेत मात्र उलट सवय लावली जाते. दहा हजार फुटांच्या खाली, दिवस असो वा रात्र, लँडिंग दिवे चालू ठेवावेत असा आग्रह धरला जातो, कारण तेथे ते पक्ष्यांपासून इतर विमानांपर्यंत सर्वांना दुरून दिसतात आणि कोणाचे डोळे जवळून दिपण्याचा प्रश्न नसतो.

एवढे करूनही दिवे पुरे पडतातच असे नाही. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपानी तटरक्षक दलाचे डॅश ८ विमान गैरसमजातून धावपट्टीवर गेले, तेथे सुमारे ४० सेकंद थांबले, आणि जपान एअरलाइन्सचे एअरबस ३५० त्याच्यावर उतरले. तेव्हाही संध्याकाळ होती, धावपट्टीचे दिवे उजळलेले होते, आणि छोटे विमान मोठ्याकडे पाठ करून उभे होते. तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जण मरण पावले. मोठ्या विमानातील ३७९ जण जळत्या विमानातून बाहेर पडून वाचले. तेहतीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन अपघातांची चित्रे एकमेकांवर ठेवली तर जवळजवळ जुळतात, आणि मागून येणाऱ्याच्या डोळ्यांवर भिस्त ठेवण्याची मर्यादा त्यातून उघड होते.

धुक्यात तर ही मर्यादा आणखी जवळ येते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावर केएलएम आणि पॅन ॲम यांची दोन जंबो विमाने धडकून ५८३ माणसे मेली. पॅन ॲमच्या वैमानिकांना धुक्यातून येणाऱ्या विमानाचे दिवे दिसले होते, पण धावपट्टीबाहेर निघायला पुरेल इतक्या आधी दिसले नव्हते. ८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुक्यात चुकून धावपट्टीवर आलेले एक छोटे जेट उड्डाण घेणाऱ्या विमानासमोर सापडले आणि ११८ जणांचा बळी गेला. म्हणूनच आजच्या विमानतळांवर विमानाच्या दिव्यांच्या जोडीला जमिनीतले दिवे बोलू लागले आहेत: धावपट्टीच्या तोंडाशी आळीपाळीने लुकलुकणारे पिवळे दिवे आणि टॅक्सीवेवर आडवी पसरलेली लाल दिव्यांची पट्टी, जी पेटलेली असताना ओलांडायची नसते, मग रेडिओवर काहीही ऐकू येवो.

रेडिओ बंद पडलाच, तर दिवे पुन्हा संवादाचे साधन होतात, आणि हा भाग आता क्वचितच वापरात येत असला तरी प्रत्येक वैमानिकाला पाठ असतो. मनोऱ्यातून विमानाकडे रोखलेला प्रकाशाचा झोत लुकलुकता हिरवा असेल तर टॅक्सीला परवानगी, स्थिर हिरवा असेल तर उड्डाणाला परवानगी, स्थिर लाल म्हणजे थांबा, लुकलुकता लाल म्हणजे उतरण्याच्या जागेतून बाजूला व्हा, आणि लुकलुकता पांढरा म्हणजे जेथून निघालात तेथे परत जा. जमिनीवरच्या वैमानिकाने दिवसा पंखांवरचे किंवा शेपटीचे हलते भाग हलवून, आणि रात्री लँडिंग दिवे दोनदा लावून-विझवून, समजल्याची पोच द्यायची असते.

मुंबईच्या विमानतळावर हा सगळा विषय रोजच्या रोज कसोटीला लागतो. तेथे ०९/२७ आणि १४/३२ अशा दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकच चालवता येते आणि ती जगातील सर्वांत गजबजलेल्या एकेरी धावपट्ट्यांपैकी एक ठरते. उतरणारे एक विमान आणि उडणारे एक विमान यांच्यात सेकंदांचा हिशेब असतो. ८ जून २०२४ रोजी तेथे एकाच धावपट्टीवर एअर इंडियाचे विमान उड्डाणासाठी धावत असतानाच मागे इंडिगोचे विमान उतरले. दोन्ही सुखरूप राहिली आणि चौकशी झाली. त्या प्रसंगाचा दिव्यांशी संबंध नव्हता, पण एवढ्या दाटीत थांबलेल्या विमानाच्या पंखांवर चमकणाऱ्या स्ट्रोबला काय मोल आहे ते त्यावरून समजते. पावसाळ्यातल्या मुंबईत, जेथे ओल्या धावपट्टीत सगळे दिवे उलटे उमटतात, तेथे तर ते अधिकच.

नव्या विमानांत जुन्या बल्बांची जागा एलईडी दिव्यांनी घेतली आहे. ते तितके तापत नाहीत, वर्षानुवर्षे टिकतात, आणि म्हणून ते जपून वापरण्याचे यांत्रिक कारण संपले आहे. पण ते अधिक पांढरे आणि अधिक तीक्ष्ण आहेत, त्यामुळे दिपवण्याचा प्रश्न वाढला आहे. बल्ब जळण्याच्या भीतीने का होईना, पूर्वीचे वैमानिक लँडिंग दिवे वेळेवर विझवत असत. आता ती भीती उरली नसल्यामुळे विझवण्याची शिस्त केवळ दुसऱ्याच्या डोळ्यांच्या काळजीतून यावी लागेल, आणि विमान कंपन्यांच्या कार्यपद्धतीत दिवा कधी लावावा याला जितकी जागा असते तितकीच तो कधी विझवावा यालाही असली पाहिजे.

रात्रीच्या उड्डाणात पंखाजवळच्या खिडकीत बसणाऱ्या प्रवाशाला हा क्रम स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो. मुंबईत सांताक्रूझच्या टर्मिनलकडून २७ क्रमांकाच्या धावपट्टीच्या पूर्व टोकाकडे जाताना विमानाला मध्ये १४/३२ ओलांडावी लागते. तेथे पंखाच्या टोकावरचा पांढरा दिवा काही क्षण चमकून पुन्हा बंद झाला, तर आपल्या वैमानिकाने ही धावपट्टी वापरात नसतानाही धावपट्टीच मानली, असे खुशाल समजावे.